जुन्या मोटारीतील पेट्रोलची गळती

(इंदूर येथे मराठी भाषिक श्रोत्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कलाशाखेचा पदवीधर आणि माझे काम प्रसिद्धीचे. तेव्हा मोटारीच्या यंत्राविषयी बोलण्याचा यांना अधिकार कोणता, अशी शंका कोणाच्या मनात आली असल्यास ती रास्तच आहे. परंतु वडिलांची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली, आणि तिने जे शिकविले ते आपल्यापुढे ठेवावे असे वाटले. इंदुरात आणि आसपासच्या गावांत अशा गाड्या अजूनही कोणाच्या ना कोणाच्या अंगणात उभ्या आहेत. अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्याही कितीतरी आधी. लोखंड टिकले असेल. रबराची गोष्ट वेगळी.

एका उन्हाळ्यात धुळ्याहून आग्रा रस्त्याने मी इंदूरकडे येत होतो. बिजासनचा घाट चढताना पेट्रोलचा वास येऊ लागला. जुन्या गाडीला वास यायचाच, अशी मी मनाची समजूत घातली. सेंधव्याला चहासाठी थांबलो, बॉनेट उघडले, तो पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीतून थेंब ठिबकत होते आणि हातभर अंतरावर एक गृहस्थ विडी पेटविण्याच्या बेतात होते. त्यांचा हात धरावा लागला. काही महिन्यांपूर्वी एका मिस्त्रीने तीच नळी पाहून, क्लिप आवळून, "अजून चालेल" असे सांगितले होते. चार पैसे वाचले म्हणून मीही मान डोलावली होती. दोष निम्मा माझा.

पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेण्याइतकी तयार होते. मग आपल्या माळव्यातील मे महिन्याची दुपार काय सांगावी! शिवाय ही वाफ हवेहून जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, गॅरेजच्या खोलगट भागात साचते. म्हणून वास आला की प्रथम इंजिन बंद करावे, गाडी मोकळ्या हवेत ढकलीत न्यावी, आणि वास विरल्यावर बॅटरीची ऋण तार सोडावी. काडी, विडी, जळता कंदील जवळ आणू नये. विजेरी लागल्यास ती दूरच पेटवून मग जवळ न्यावी. वाळूची बादली आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी असावे. पेटत्या पेट्रोलवर पाणी ओतल्यास आग पसरते.

आता शोध. वास केव्हा येतो, हे आधी पाहावे. टाकी काठोकाठ भरल्यावरच येत असेल तर टाकीच्या तोंडाची रबरी नळी किंवा झाकणाचे वायसर तपासावे. पंपाच्या भूमिगत टाकीतील थंड पेट्रोल उन्हात फुगते. चाळीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तर ते सुमारे पाऊण लिटरने वाढते, आणि त्याला जागा नसेल तर ते वाट काढते. इंजिन चालू असतानाच वास येत असेल तर पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचा भाग संशयित, कारण तेथे पेट्रोल दाबाखाली असते. टाकीपासून पंपापर्यंत मात्र ते ओढले जाते. तेथे चीर असेल तर थेंब न दिसता हवाच आत शिरते आणि गाडी धक्के खाते. ही खूण पुष्कळांना ठाऊक नसते, आणि बिचाऱ्या कार्ब्युरेटरला उगाच खोलले जाते.

थेंब दिसत नसल्यास इंजिन गार असताना नळ्या आणि सांधे कापडाने कोरडे करावेत व त्यांवर खडूची पूड शिंपडावी. जेथे पूड ओली होऊन काळवंडेल तेथे गळती. शिक्षकांना ही सामग्री विकत घ्यावी लागणार नाही! गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवले तरी बरेच कळते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाचे ८६,४०० थेंब. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबाहून लहान धरला तरी दीड लिटरच्या वर जाते. पंपाचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटला असेल तर पेट्रोल बाहेर न पडता इंजिनच्या तेलात उतरू शकते. तेलाची काडी काढून वास घ्यावा. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास, तर पडदा व तेल दोन्ही बदलल्यावाचून गाडी चालवू नये. कार्ब्युरेटर वरून वाहत असेल तर सुईच्या झडपेत कचरा तरी अडकलेला असतो, किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडालेला असतो.

रबराविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग त्यास अनुरूप केलेले आहेत; आपल्या जुन्या गाड्यांच्या नळ्या व वायसर तसे नाहीत. काही जुन्या वाहनांतील रबरी भाग बदलावे लागतील, हे केंद्र शासनानेही २०२५ मध्ये मान्य केले. इथेनॉलने जुने रबर फुगते, मऊ पडते, वाळल्यावर चिरते. तेव्हा नळी बदलताना दुकानदारास "इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारीच द्या" असे स्पष्ट सांगावे, आणि एक बदलली की सर्व बदलाव्यात. क्लिपही नव्या घ्याव्यात. चिकटपट्टी गुंडाळणे व्यर्थ होय.

टाकीला बारीक भोक पडल्यास अंगाचा साबण घासून ते बुजविण्याची रीत आपल्याकडे आहे. साबण पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, म्हणून जवळच्या गावापर्यंत पोहोचण्यास ती उपयोगी पडते, तेवढ्यापुरतीच. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणे मात्र सोडावे, ते फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. आणि रिकामी टाकी वेल्डिंगला कधीही तशीच नेऊ नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी अधिक घातक, कारण ती वाफेने भरलेली असते. हे काम जाणत्याचेच, अन्यथा टाकी बदलावी.

दुरुस्तीनंतर बॅटरी जोडावी, इंजिन दहा मिनिटे चालवावे, सर्व सांधे पुन्हा पाहावेत, आणि रात्री वर्तमानपत्र पुन्हा पसरावे. माझ्याकडे तिसऱ्या रात्री ते कोरडे निघाले. पहिल्या दोन रात्री एक क्लिप दगा देत होती.

पद्मिनी आज बाहेर अंगणात उभी आहे. ज्यांना नळ्या पाहावयाच्या असतील त्यांनी सभा संपल्यावर यावे, बॉनेट उघडून दाखवितो. विड्या मात्र येथेच ठेवून याव्यात.