मीठ धुतलं कोणी?

माझ्या कृषिदूतांनो, कृषिकन्यांनो,

आज तुम्ही पदवीधर होताय, तरी मी तुम्हाला सातव्या सत्रातल्या नावानंच हाक मारते. ज्या गावात तुम्ही राहिलात तिथं तुमची ओळख तीच होती. मीही अशीच एक कृषिकन्या होते. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी आम्ही आठ जणी खालापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहिलो होतो. एका मुलीला दुसरीचं घोरणं सहन होत नव्हतं, तिसरीला भाकरी येत नव्हती, आणि मला, खरं सांगायचं तर, कोणी काम सांगितलेलं चालत नव्हतं.

आमचं पहिलंच प्रात्यक्षिक बीजप्रक्रियेचं. तुम्हाला ते पाठ आहे. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्क्यांचं द्रावण. त्यात भाताचं बियाणं ओतायचं, ढवळायचं, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे. तळाला बसलेलं बियाणं दोन-तीन वेळा चांगल्या पाण्यानं धुवायचं आणि सावलीत सुकवायचं. आम्ही कामं वाटून घेतली. एकीनं मीठ मोजलं, एकीनं ढवळलं, एकीनं तक्ता धरून समजावलं, एकीनं फोटो काढले. पंधरा-वीस शेतकरी जमले होते, टाळ्यासुद्धा पडल्या. ज्या आजीच्या घरी आम्ही राहत होतो तिचंच बियाणं होतं ते. दोन दिवसांनी तिनं ते गादीवाफ्यावर पेरलं.

रोप उगवलं ते चट्ट्याचट्ट्यानं. एका जागी हिरवं, दुसऱ्या जागी मोकळी माती. आजी वाफ्याच्या कडेला बसली, मातीतला एक दाणा उकरून जिभेला लावला आणि म्हणाली, "पोरींनो, मीठ धुतलं कोनी?"

आठही जणी एकमेकींकडं बघायला लागलो. ढवळणारीला वाटलं होतं मोजणारी धुवेल, मोजणारीला वाटलं होतं सुकवणारी धुवेल. सुकवायचं काम माझ्याकडं होतं आणि मला वाटलं होतं की माझ्या हातात आलंय ते धुतलेलंच आहे. मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मला काही माहीत नाही असं दिसलं असतं ना!

नोकरीच्या जाहिरातीत हल्ली एक ओळ असतेच : संघभावना आवश्यक. ती वाचताना मला आजीचा वाफा आठवतो. आमच्यात भावना भरपूर होती. रात्री एका ताटात जेवायचो. कमी होतं ते एवढंच की एकीचं काम संपून दुसरीचं सुरू होतं त्या जागी कोणी उभं नव्हतं. पुढं मी भाताच्या पैदाशीत आयुष्य काढलं, लोंब्या मोजल्या, पिढ्यांच्या नोंदी ठेवल्या, आणि बहुतेक घोटाळे त्याच जागी होताना पाहिले. आळशी माणसानं केलेल्या नुकसानीपेक्षा 'त्यानं केलं असेल' असं समजणाऱ्या कष्टाळू माणसांनी केलेली नुकसानी मोठी असते.

आता आजीच्या शेताचं काय झालं ते सांगते. आमच्यापैकी कोणाला काही सुचायच्या आत तिनं शेजारी निरोप धाडला होता. ज्यांच्याकडं आवण, म्हणजे लावणीची रोपं, उरणार होतं त्यांनी मुठी बांधून दिल्या. पैसे घेतले नाहीत, पण फुकटही दिल्या नाहीत. इथं आवणीला सावड चालते. तुमच्या शेतात माझे चार दिवस, माझ्या शेतात तुमचे चार दिवस. त्याची वही नसते, पण हिशेब चोख असतो, कोणाच्या घरचा गडी अर्धा दिवस उशिरा आला तेही लक्षात असतं. आजीकडं ती फेडायला माणसं नव्हती, तेव्हा तिनं आम्हाला धाडलं. तीन दिवस आम्ही आठ जणी गुडघाभर चिखलात. पहिल्या दिवशी आमच्या ओळी बघून बायका हसल्या. तिसऱ्या दिवशी हसल्या नाहीत, आणि तेवढी दाद मला पुढं कोणत्याच प्रमाणपत्रात मिळाली नाही.

सावड आणि चारसूत्री यांची सांगड मला तिथंच कळली. डॉ. एन. के. सावंतांची चारसूत्री पद्धत तुम्ही परीक्षेत लिहून आला आहात : तूस-पेंढा, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी, युरिया-डीएपीच्या गोळ्या. पण ती एकट्यानं करता येत नाही, हे पेपरात विचारत नाहीत. १५ आणि २५ सेंटिमीटरवर खुणा केलेली दोरी दोन टोकांना दोघांनी ताणायची, मधल्यांनी खुणेवर रोप लावायचं, मग दोघांनी एकाच वेळी दोरी उचलून पुढं सरकायचं. एकानं घाई केली की चौकोन तिरका झालाच, आणि चौकोन तिरका झाला की चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची गोळी खोचायची कुठं, तेच कळत नाही. गुंठ्याला अशा ६२५ गोळ्या. दोरी धरणाऱ्याचा हात दिवसभर मोकळा दिसतो, एक रोप लावल्याचं श्रेय त्याला मिळत नाही. नेमकं तेच काम मला दिलं होतं. मला राग आला होता.

दोरी धरणाऱ्यासारखं न दिसणारं काम तुमच्या रोजच्या वाटेवरही चालतं. तुम्ही कर्जत स्टेशनातून रोज ये-जा करता, म्हणून एक विचारते. मुंबईकडून आलेली लांब पल्ल्याची गाडी इथं थांबते तेव्हा तुम्ही वड्याकडं धावता. त्याच वेळी गाडीच्या शेपटाला बँकर इंजिनं जोडली जात असतात, ती कोणी नीट पाहिलीत? बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. १८६३ साली हा घाट रेल्वेला खुला झाला, तेव्हापासून आजतागायत तो चढ चढायला इंजिनांना मदत लागते. पुढच्या चालकाला मागचा दिसत नाही, मागच्याला पुढचा सिग्नल दिसत नाही. एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं ढकलायचं, तेही एकमेकांच्या इशाऱ्याबरहुकूम. लोणावळ्याला बँकर सुटतात, गाडी पुण्याला जाते. पुण्याच्या फलाटावर त्यांची आठवण कोणी काढत नाही.

समोरून कोणीतरी म्हणेल, मॅडम, वंदे भारतला बँकर लागत नाही. बरोबर आहे. पण का लागत नाही? तिची ताकद एका इंजिनात नाही, एकाआड एक डब्याखाली मोटारी आहेत. तुम्ही ज्या गटाचे प्रमुख व्हाल तो असा बांधता आला तर बांधा. तोवर मागून ढकलणाऱ्याची शिट्टी ऐकायची सवय ठेवा.

आणि प्रमुख कोण, हेही प्रत्येक वेळी पदावरून ठरत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगरावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रं चढू शकत नव्हती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे प्रशिक्षित जवान आले, तेही पायीच चढले आणि हातानं माती उपसत राहिले. आजूबाजूच्या गावांतली माणसं आणि डोंगर पायाखालचा असलेले गिर्यारोहक त्यांच्याबरोबर होते. अशा अंधारात, पावसात, ज्याला वाट माहीत असते तो पुढं चालतो. याहून जास्त त्या रात्रीबद्दल मी बोलणार नाही. तिथली माणसं आजही आपल्या शेजारी राहतात.

पालकांना एक सांगायचं आहे. आपल्या मुलाचं नाव व्हावं असं तुम्हाला वाटतं, वाटायलाच हवं. पण भाताच्या जातींची नावं बघा : कर्जत १८४, कर्जत ३, कर्जत ७. इथल्या संशोधन केंद्रातून आलेल्या या जातींना गावाचं नाव आहे, माणसाचं नाही. एक जात शेतकऱ्याच्या हाती पडायला साधारण दहा वर्षं जातात. ज्यानं संकर केला तो कधी बदलून जातो, ज्या बाईनं पाखरं हाकली तिचं नाव हजेरीपटापलीकडं कुठंच नसतं. मधल्या एकानं जरी एका वाफ्याची पाटी चुकीच्या जागी खोचली तरी सगळी वर्षं पाण्यात. म्हणून चूक झाली की त्याच दिवशी सांगणारा मदतनीस मला नेहमी हुशार मदतनिसापेक्षा जवळचा वाटला.

आणि आता माझी गोष्ट पुरी करते, कारण मी ती अर्धीच सांगितली. आमच्या कार्यानुभवाच्या अहवालात आम्ही लिहिलं : 'बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक यशस्वीरीत्या पार पडले.' सोबत चार फोटो. गुण चांगले मिळाले. उगवण कमी झाल्याची, मीठ न धुतल्याची, शेजाऱ्यांनी आवण दिल्याची एक ओळ त्यात नाही. तो अहवाल आजीला आम्ही कधी दाखवलाही नाही. काही वर्षांनी मी वाडीवर गेले तेव्हा आजी नव्हती.

तुमच्या अहवालाची एक प्रत विभागाच्या कपाटात आहे, एक तुमच्या घरी. ज्याच्या शेतात तुम्ही शिकलात त्याच्याकडं बहुधा एकही नाही. राब भाजून होतील, पहिला पाऊस पडेल, मग त्याला बोलायला वेळ नसेल. त्याच्या आत जा. आठ जण असाल तर आठही जण जा. अहवाल त्याला वाचून दाखवा, आणि तो जिथं 'असं नव्हतं झालं' म्हणेल तिथं पेन्सिलीनं खूण करा.