बिब्याचे भाऊबंद

आपल्या प्राचीन पोथ्या ज्या भूर्जपत्रांवर लिहिल्या गेल्या, तो भूर्ज हिमालयातील वृक्ष. त्याचाच जातभाई ‘बर्च’ उत्तर युरोपात सर्वत्र आढळतो. वसंतात त्याच्या परागकणांनी तेथील असंख्य लोकांना शिंका येतात, आणि त्यांतील अनेकांना कच्चे सफरचंद चावताच ओठांना खाज सुटते. परागातील व फळातील एका प्रथिनाची घडण इतकी मिळतीजुळती, की शरीर एकास दुसरे समजून प्रतिकार करते. शिजवल्यावर ती घडण मोडते. म्हणून मुरंबा सहसा बाधत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात बर्च नाही. परंतु झाडांच्या नात्यामुळे शरीराची फसगत येथेही होते. ती परागातून नव्हे, चिकातून. येथील बिब्बा, चारोळी व आंबा आणि कोकणातील काजू ही सारी एकाच कुळातील. बिब्याच्या टरफलातील काळे तेल लागले की कातडी भाजल्यासारखी होते; पुष्कळदा फोड एक-दोन दिवसांनी उठतात, त्यामुळे कारण ध्यानीही येत नाही. (‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार काही उगीच रूढ झालेला नाही!) एकदा शरीर ह्या तेलावर चिडले, की आंब्याचा चीक वा काजूच्या टरफलाचे तेलही त्याला शत्रूच वाटू शकते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर, धोब्याने कपड्यांवर बिब्याने केलेल्या खुणांच्या जागी चट्टे उठले. त्यांच्या देशातील ‘पॉयझन आयव्ही’ ही खाजरी वेल ह्याच कुळातील.

शहरी घरांत डिंकाच्या लाडवांत गोडंबी पडते. ती बिब्यातली बी. बिबे फोडून ती काढणाऱ्या विदर्भातील बायाबापड्यांचे हात काळवंडतात, सोलवटतात. त्यांच्यापैकी कुणाच्या ओठांच्या कडा आंब्याच्या दिवसांत लाल होऊन सुजल्या, तर दोष उष्णतेला दिला जातो. बिब्याची आठवण कुणाला होत नाही. वास्तविक उपाय आजीच्या स्वयंपाकघरातच आहे. आंबे पाण्यात भिजत घालावेत, देठाकडचा चीक पिळून टाकावा, धुऊन, साल काढून मग खावेत. साल दातांनी ओरबाडू नये. पायात काटा रुतला म्हणून मुलांना बिब्बा लावण्याची चाल मात्र सोडलेलीच बरी.

काजूगर किंवा पिस्ता खाल्ल्यावर काही मिनिटांतच अंगावर गांधी उठणे, गळा आवळणे, धाप लागणे हा प्रकार सर्वस्वी निराळा आणि जिवावरचा. तेथे चिकाचा नव्हे, बीमधील प्रथिनांचा संबंध असतो. पिस्ताही त्याच कुळातला. काजू बाधणाऱ्याला तोही बहुधा बाधतो. अशा वेळी अॅड्रेनलिनचे इंजेक्शन तातडीने मिळावे लागते. भामरागड, एटापल्लीसारख्या तालुक्यांत रुग्णालय हाकेच्या अंतरावर नसते. तेव्हा घरगुती औषधात घटकाही न दवडता रोग्याला आधी वाहनात घालावे, आणि त्याने काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे.