८० जागा आणि उरलेला वर्ग

पेण-रोह्याच्या खेड्यांतील पाचवीतल्या हुशार मुलापुढे एक वाट खुली आहे : माणगाव तालुक्यातील निजामपूरचे जवाहर नवोदय विद्यालय. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही निवासी विद्यालये उभी राहिली. सहावीसाठी परीक्षेने जिल्ह्यातील जास्तीत जास्त ८० मुले निवडली जातात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. निवास, भोजन व पुस्तके विनामूल्य.

मग समतावादी पालकाने आपले मूल तेथे धाडावे काय? निवडक मुले वेगळी काढली की गावच्या शाळेतून प्रश्न विचारणारा विद्यार्थी जातो, आणि त्याच्यामागोमाग शाळेला जाब विचारणारा पालकही. हा तोटा खरा आहे. परंतु शेतमजुराच्या मुलीला तत्त्वापायी घरी रोखणे म्हणजे व्यवस्थेचा दंड तिच्याकडून वसूल करणे होय. सधनांची मुले शिकवण्या लावून पुढे जातातच.

तेव्हा मुलाची इच्छा असेल तर त्याने अवश्य जावे. पालकाने मात्र ग्रामसभेत गावच्या शाळेसाठी पूर्वीच्याच आवाजात बोलत राहावे. ८० जणांना जे शासन देऊ शकते, ते उरलेल्या वर्गाला का नाकारते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यालाच सर्वाधिक आहे.