अंगणातले संस्कार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



लहान मुलांवर आपल्या धर्मसंस्कृतीचे संस्कार कसे करावेत, या विषयावर बोलण्याची आज्ञा चालकांनी आम्हांस केली आहे. या विषयावरील भाषणे आपण दरवर्षी भक्तिभावाने ऐकता व जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत विसरता, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून उपदेश बाजूस ठेवून आमच्याच एका अपयशाची हकीकत सांगतो.

मंडळाचा रविवारचा संस्कारवर्ग आम्ही चार वर्षे चालविला. सतरंजी, समई, स्तोत्रपाठ आणि शेवटी प्रश्नोत्तरे, असा क्रम असे. आरंभी अठ्ठावीस मुले येत. पुढे नऊ उरली, व त्यांतील चौघांच्या माता दाराशी पहारा देत बसत. हातातल्या मोबाइलने मुले बिघडली, असे म्हणून आम्ही काही काळ स्वतःचे समाधान करून घेतले. पण एके दिवशी सहा वर्षांच्या एका मुलीने सबंध स्तोत्र बिनचूक म्हटले आणि लगेच विचारले, "आता खेळायला जाऊ?" तिने जो भेद केला तो आम्हीच तिला शिकविला होता. त्या रात्री आम्हांस नीट झोप आली नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना हा भेद माहीत नव्हता. भोंडल्याचेच पहा. घटस्थापनेपासून मुली जमतात. कोठे हस्त नक्षत्र लागल्यापासून सोळा दिवस हादगा चालतो. पाटावर हत्ती काढावयाचा, तो मध्ये ठेवून हात धरून फेर धरावयाचा, रोज एकेक गाणे वाढवावयाचे. हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस, ही लोककल्पना. तेव्हा त्या पाटावर नक्षत्र आहे, सरता पावसाळा आहे आणि भरत आलेले शेतही आहे. गाण्यांत सासर-माहेर येते, सासूची थट्टा येते. विदर्भ-खानदेशाकडे हाच उत्सव भुलाबाईचा होतो आणि शिवपार्वती लेकीजावयासारखी घरात येऊन बसतात. शेवटी खिरापत ओळखण्याची गंमत! झाकलेल्या डब्यात काय आहे हे ओळखताना घरोघरच्या पदार्थांची सारी यादी मुलींच्या तोंडून वदवून घेतली जाते. पंचांग, ऋतू, नातीगोती व पाकशास्त्र अशा चार विषयांचा हा वर्ग आहे; पण कोणा मुलीने 'आता खेळायला जाऊ?' असे विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मोक्षपटही असाच. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरमहाराजांना देते. ते विद्वानांनी ठरवावे. कवड्यांच्या दानाने सोंगटी वर चढते, सद्गुणाच्या शिडीने उंच जाते, क्रोध-लोभाच्या सापाने खाली येते. हाच खेळ इंग्लंडात जाऊन साधी सापशिडी होऊन परत आला, आणि घरांवरील नावे वाटेत गळाली. ती पुन्हा लिहावयास एक पुठ्ठा व एक दुपार पुरते.

शिक्षणशास्त्रातही ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला. पुढे 1945 साली ताराबाई बोर्डीस गेल्या. शाळेत न येणाऱ्या मुलांना दोष न देता त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली; अनुताई वाघ यांच्या साथीने बिया, शिंपले, पाने हीच साधने केली. 1957 पासून हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर चालले. आम्ही मात्र सतरंजी न हलविता मुलांची वाट पाहत बसलो.

गेल्या दिवाळीत आम्ही एकदाची ती सतरंजी गुंडाळली व मंडळाच्या आवारात किल्ला करण्याचे ठरविले. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे. तो मातीत साधेना. "दार समोरून का दिसत नाही?" असे एका मुलाने विचारले, आणि शत्रूची वाट कशी अडवितात हे मुलांनीच एकमेकांस समजाविले. गंगासागर तलावासाठी वाटी पुरली, उतारावर हळीव पेरले. 2025 साली युनेस्कोने रायगडासह बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, ही वार्ता मुलांनी आम्हांस सांगितली!

आता जी गोष्ट सांगावयाची आहे तिच्यासाठीच खरे म्हणजे आम्ही उभे आहोत. त्या किल्ल्याची माती वाहिली, दरवाजा शेवटी उभा केला, तो मुलगा शेजारच्या इमारतीच्या रखवालदाराचा होता. आपल्या ज्ञातीचा नव्हता. पारितोषिके 'ज्ञातीतील पाल्यांस' असा नियम असल्याने यादीतून त्याचे नाव गळले. ते आम्हीच गाळले. समारंभात आपल्या मुलांची नावे पुकारली गेली, तेव्हा दोघे जागचे उठलेच नाहीत. विचारले तर म्हणाले, "तो कुठे आहे?" महाराजांच्या मावळ्यांची गोष्ट आम्ही त्यांस आठवडाभर सांगत होतो, त्यांनी ती खरी मानली होती, एवढेच.

या संस्थेचा हेतू ज्ञातीची उन्नती हा आहे, आणि विद्यार्थिसाहाय्य निधीविषयी आमचा काही आग्रह नाही. परंतु फेर धरावयास आळीतल्या साऱ्या मुली लागतात. किल्ल्यास सारी वाडी लागते. आपल्यापुरता मोजून घेतलेला भोंडला चार मुलींचा होतो, आणि चार मुलींचा फेर पाटाभोवती पुरतसुद्धा नाही.

तेव्हा कार्यकारी मंडळापुढे आमची सूचना अशी : बालवर्गाच्या नियमातील 'ज्ञातीतील' हा शब्द काढावा व वर्ग सभागृहातून आवारात आणावा. खर्च फारसा नाही. लाल माती दोन गाड्या, एक रुंद पाट, कवड्या आणि जुनी पोती. मागल्या वर्षीच्या त्या मुलाचे पारितोषिक आम्ही आणून ठेवले आहे. ते अध्यक्षमहाराजांनी आपल्या हस्ते द्यावे, ही विनंती. सूचना मान्य झाल्यास येत्या घटस्थापनेस सायंकाळी पाच वाजता पहिला फेर धरू. खिरापत आमच्या घरून येईल. ती काय असेल, हे मात्र आज सांगणार नाही.