संयमाला बक्षीस

व्यसन सोडणाऱ्याला बक्षीस द्यावें काय? हा प्रश्न कोणी केला, तर बहुतेक सद्गृहस्थ 'मुळींच नाहीं' असेंच उत्तर देतील. व्यसनापासून दूर राहणें हें ज्याचें त्याचें कर्तव्य. जो जन्मांत कधीं प्यालाच नाहीं, त्याला कोणी बक्षीस देत नाहीं. मग पिऊन घरदार धुळीस मिळविणाऱ्याला चार दिवस शुद्धीवर राहिल्याबद्दल बक्षीस कां? वरवर पाहतां हा आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु अमेरिकेंत १९९० नंतर जे प्रयोग झाले, त्यांनीं त्याला युक्तिवादानें नव्हे, तर अनुभवानें उत्तर दिलें आहे.

व्यसनी मनुष्याला आपलें नुकसान कळत नाहीं, असें नाहीं. उपदेश करणाऱ्यापेक्षां तें त्याला अधिक ठाऊक असतें. हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये, ही म्हण एरवीं शहाणपणाची. त्याचा घात मात्र तीच करते. पेला हाताशीं आहे व त्याचें सुख घटकाभरांत मिळणार आहे. उलट शुद्धीवर राहण्याचीं फळें म्हणजे प्रकृतीची सुधारणा, पत्नीचा विश्वास, नोकरींतील पत. तीं महिन्यांनंतरचीं, आणि तींहि मिळतीलच असा भरंवसा नाहीं. जवळचें सुख मोठें दिसतें, दूरचें लहान. तेव्हां संयमाच्या पदरांतहि आजच्या आज कांहींतरी पडलें पाहिजे, हा या उपचाराचा गाभा. ज्या कृतीमागून लगेच सुखकर फळ मिळतें, ती कृति पुनःपुन्हां घडते, हें तत्त्व बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानें प्राण्यांवरील प्रयोगांनीं दाखविलेंच होतें.

व्हर्माँट विद्यापीठांतील स्टीफन हिगिन्स यांनीं तें कोकेनच्या व्यसनाला लावून पाहिलें. रुग्णाची आठवड्यांतून तीन वेळां मूत्रतपासणी होई. कोकेनचा अंश न आढळल्यास त्याच्या नांवें २.५० डॉलर जमा होत. पुढील प्रत्येक सलग निर्दोष तपासणीला ही रक्कम १.२५ डॉलरनें वाढे, आणि सलग तीन तपासण्या निर्दोष ठरल्या कीं आणखी १० डॉलर मिळत. एक तपासणी सदोष निघाली, कीं रक्कम पुन्हां पहिल्या पायरीवर येई. परंतु आधीं मिळविलेलें काढून घेत नसत, आणि सलग पांच निर्दोष तपासण्या दिल्या, कीं रुग्णाला पूर्वींची पायरी परत मिळे. रोख पैसा मात्र त्याच्या हातीं देत नसत. त्याला हवी असलेली व उपचाराला पोषक अशी वस्तु दवाखान्यांतील मंडळीच विकत आणून देत.

१९९४ सालीं या पद्धतीचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांत ४० रुग्ण होते. समुपदेशन सर्वांना सारखेंच. बक्षीस मात्र निम्म्यांनाच, तेंहि पहिले १२ आठवडे. बक्षीस मिळणाऱ्यांपैकीं शेंकडा ७५ जणांनीं २४ आठवड्यांचा उपचार पुरा केला. इतरांपैकीं शेंकडा ४० जणांनीं. सलग कोकेनमुक्त राहण्याचा सरासरी काळ पहिल्या गटांत सुमारें १२ आठवडे, तर दुसऱ्यांत ६ आठवडे होता.

एवढा खर्च परवडावा कसा, ही अडचण कनेक्टिकट येथील नॅन्सी पेट्री यांनीं सोडतीनें सोडविली. निर्दोष तपासणी देणाऱ्यानें भांड्यांतून चिठ्ठ्या काढावयाच्या. निम्म्या चिठ्ठ्यांवर केवळ शाबासकीचे शब्द. बाकीच्यांपैकीं बहुतेकांवर डॉलरभर किंमतीची वस्तु, थोड्यांवर वीस डॉलरची, आणि एकीवरच शंभर डॉलरचें मोठें बक्षीस. मद्यासक्त अशा ४२ माजी सैनिकांवरील हा प्रयोग २००० सालीं प्रसिद्ध झाला. आठ आठवडे टिकून राहिलेल्यांचें प्रमाण सोडत असलेल्या गटांत शेंकडा ८४, तर नसलेल्या गटांत शेंकडा २२ होतें.

याला लांच म्हणणारे विसरतात, कीं लांच गैर कामासाठीं देतात. येथें बक्षीस मिळतें तें स्वतःच्याच हिताच्या कामासाठीं, आणि काम झाल्याचा पुरावा पाहिल्यावरच. दुसरी शंका अधिक खरी आहे. बक्षिसें थांबलीं, कीं त्यांचा परिणाम ओसरूं लागतो, असें अनेक अभ्यासांत आढळलें आहे. म्हणूनच बक्षीस हा सगळा उपचार नव्हे. तें मोडक्या हाडाला बांधलेल्या फळीसारखें असतें. फळी हाड सांधीत नाहीं. हाड आपोआप सांधेपर्यंत तें जागेवर धरून ठेवते. तेवढ्या आठवड्यांत काम, छंद, निर्व्यसनी मित्र व घरचीं माणसें यांचीं सुखें पुन्हां हाताशीं आलीं, तर फळी काढतां येते. तीं आलीं नाहींत, तर दोष केवळ फळीला देणें न्यायाचें होणार नाहीं.

या उपायाचें महत्त्व आणखी एका कारणानें मोठें आहे. अफूच्या जातीच्या व्यसनांवर औषधें आहेत. कोकेन व मेथॅम्फेटामिन यांच्या व्यसनावर मात्र अमेरिकेंत अद्याप एकहि औषध मान्य झालेलें नाहीं. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतून २०११ पासून ही पद्धति पसरली. गरिबांच्या सरकारी आरोग्य-योजनेंतून तिचा खर्च करण्याची संमति २०२१ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाला पहिल्यानें मिळाली, आणि २०२३ मध्यें तेथें काम सुरू झालें. एका रुग्णाला वर्षाकाठीं अधिकांत अधिक ५९९ डॉलर मिळूं शकतात.

पेट्री यांच्या भांड्यांतील त्या निम्म्या चिठ्ठ्या मात्र विसरतां येत नाहींत. त्यांवर वस्तु नव्हती. 'छान केलेंत' एवढेंच होतें. ज्याला वर्षानुवर्षें फक्त धिक्कार ऐकावा लागला, त्याच्यासमोर दर तपासणीला कोणीतरी बसे, निकाल पाही आणि त्याचें कौतुक करी. बक्षिसासाठीं दवाखान्यांत आलेल्याला हें कौतुक न मागतां मिळे. घराघरांतून तें द्यावयाला सरकारची संमति लागत नाहीं.