गुरुवारी साडेतीन वाजता

हातातली कामं चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आपल्या गटाची सहल निघते ती अष्टविनायकाला, शिर्डीला, फार तर गणपतीपुळ्याला. आज आपण मनानंच एक लांबची सहल काढू. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना नावाचा देश आहे. मेस्सीचा देश म्हटलं की घरातली पोरं लगेच ओळखतील. त्याची राजधानी ब्युनॉस आयर्स. तिथला आपला हा पहिला दिवस, आणि वार मुद्दाम गुरुवार घेतलाय. का, ते दुपारी कळेल.

हा देश विषुववृत्ताच्या खाली, म्हणून ऋतू उलटे. आपल्याकडे डिसेंबरात स्वेटर बाहेर निघतात, तेव्हा तिथं उन्हाळा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागं. आपण संध्याकाळी साडेपाचला चहा ठेवतो, तेव्हा तिथं सकाळचे नऊ वाजलेले असतात.

तर सकाळचे नऊ वाजलेत. नाश्त्याला दूध घातलेली कॉफी आणि मेदियालूना. मेदियालूना म्हणजे अर्धा चंद्र. त्याच आकाराचा, गोडसर, लोण्यातला मऊ पाव. तो खाऊन आपण निघालो ‘९ जुलै’ नावाच्या रस्त्यावर. ९ जुलै १८१६ ला या देशानं स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याची आठवण म्हणून हे नाव. रस्ता इतका रुंद की एका सिग्नलमध्ये पलीकडं पोचायचं तर पावलं भराभरा उचलावी लागतात. मधोमध पांढरा, टोकदार स्तंभ उभा आहे, साडेसदुसष्ट मीटर उंच. शहराची पहिली वसाहत झाली त्याला ४०० वर्षं झाली, म्हणून १९३६ साली तो बांधला. पायाखालून भुयारी रेल्वे धावते. तिचा पहिला मार्ग १९१३ साली सुरू झाला.

तिथून नदीच्या दिशेनं चालत गेलं की पुएर्तो मादेरो हा भाग लागतो. इथं जुनं बंदर होतं. विटांची मोठमोठी गोदामं आता दुरुस्त करून तिथं हॉटेलं, कचेऱ्या केल्यात. पण आपण बघायच्या त्या रस्त्यांच्या पाट्या. या भागातल्या रस्त्यांना बायकांची नावं दिलीत. पाण्यावर एक पांढरा, पायी चालायचा पूल आहे, त्याचंही नाव ‘बाईचा पूल’. बोट आली की हा पूल आडवा फिरून तिला वाट करून देतो.

पाट्या वाचत चालू. ही सेसिलिया ग्रिअर्सन. १८८९ साली डॉक्टर झाली, त्या देशातली पहिली बाई. ही हुलिएता लांतेरी. तीही डॉक्टर, आणि भारी डोक्याची. तेव्हा बायकांना मताचा हक्क नव्हता. पण शहराच्या निवडणुकीच्या नियमात मतदार पुरुषच हवा, असं कुठं लिहिलेलं नाही, हे तिनं हेरलं. नाव नोंदवलं आणि १९११ साली जाऊन मत देऊन आली! मग मंडळींना जाग आली आणि नियम बदलला. सगळ्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९४७ च्या कायद्यानं, आणि देशाच्या निवडणुकीत त्यांनी पहिल्यांदा मत दिलं १९५१ साली.

आणखी एक पाटी: आसुसेना विल्याफ्लोर. ही डॉक्टर नव्हती, पुढारी नव्हती. घर सांभाळणारी, चार लेकरांची आई. तिच्यासाठीच आपण गुरुवार धरलाय. चला, तीन वाजून गेलेत. मागं फिरून मायो चौकात जाऊ, दहा-पंधरा मिनिटांची वाट आहे.

चौकाच्या एका टोकाला गुलाबी रंगाचा वाडा, तो राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय. मधोमध एक छोटा स्मारकस्तंभ. त्याच्याभोवती जमिनीवर पांढऱ्या रंगानं डोक्याचे रुमाल काढलेत. आणि साडेतीन वाजता तसेच रुमाल बांधलेल्या बायका स्तंभाभोवती चालू लागतात.

याची गोष्ट अशी. मार्च १९७६ मध्ये लष्करानं सत्ता घेतली, ती १९८३ पर्यंत. त्या काळात तरुण पोरं-पोरी घरातून, कामावरून उचलून नेली. अटकेची नोंद नाही, खटला नाही, प्रेतही नाही. अशी तीस हजार माणसं नाहीशी झाली, असं तिथल्या मानवी हक्क संघटना सांगतात. आसुसेनाचा मुलगा आणि होणारी सून अशीच गेली. ती पोलीस चौकी, मंत्रालय, चर्च, सगळीकडं फिरली. प्रत्येक दारात तिला तिच्यासारख्याच आया भेटत होत्या. ती म्हणाली, एकेकटीनं हिंडून काही होणार नाही, चौकात एकत्र जाऊ. ३० एप्रिल १९७७ ला चौदा जणी जमल्या.

पोलिसांनी दरडावलं, घोळक्यानं उभं राहायचं नाही, चालत राहा. मग त्यांनी दोघी-दोघींनी हातात हात घातले आणि स्तंभाभोवती चालायला लागल्या. हुकूमही पाळला आणि जागाही सोडली नाही. पुढं गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून डोक्याला पांढरं कापड बांधलं. ते कापड म्हणजे बाळाचं लंगोट. लोक त्यांना वेड्या म्हणायचे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आसुसेनालाही उचलून नेलं, आणखी दोन आयांनाही. बाकीच्या घाबरल्या नसतील का? पण पुढच्या गुरुवारांना त्या आल्या. समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेली आसुसेनाची हाडं बेवारस म्हणून पुरलेली होती. २००५ साली तपासणी करून ती ओळखली गेली, आणि तिची रक्षा याच चौकात, या स्तंभाच्या पायाशी ठेवली.

या आयांमधल्या काही जणींच्या मुली गरोदरपणी पकडल्या गेल्या होत्या. त्यांची बाळं तुरुंगात जन्मली आणि परक्या घरी देऊन टाकली. आज्यांनी वेगळी संघटना काढली, आपलं रक्त तपासायला दिलं, आणि आजवर १३० हून जास्त नातवंडांची खरी ओळख शोधली.

मैत्रिणींनो, आपल्याला सारखं विचारतात, दर आठवड्याला जमून तुम्ही बायका करता तरी काय? त्यांचं दुःख फार मोठं, त्याच्याशी आपली तुलना नको. पण आपल्या पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र आठवा: नियमित बैठक. बचत, कर्ज, परतफेड हे सगळं त्यानंतर येतं. ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि सगळ्यांची हजेरी, एवढंच भांडवल त्या चौदा जणींकडं होतं. आपल्या गटात दहा ते वीस जणी असतात.

संध्याकाळ झाली. बाकावर बसलेल्या बायका माते पितायत. नाव ऐकून फसू नका, हा पाल्याचा कडसर काढा आहे. एकच भोपळ्याचं भांडं, एकच धातूची नळी. एक जण गरम पाणी घालते आणि भांडं सगळ्यांत फिरतं. ‘ग्रासियास’, म्हणजे आभार, म्हटलं की ‘मला आता पुरे’ असा अर्थ होतो. तेव्हा दोन घोट घेईपर्यंत आभार मानू नका बरं का!

पहिला दिवस संपला. बाकीचं शहर उद्या बघू. आपापल्या बैठकीला मात्र वेळेवर जा. नमस्कार.