शिकवणाऱ्यांनाही शिकवायला हवं

कामगाराला कामाशी जोडलेलं शिक्षण मिळावं म्हणून 1967 साली मुंबईत देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू झालं. तरी लिहिता-वाचता येणारा कुणीही शिकवू शकतो, हा समज अजून गेलेला नाही. चाळिशीतल्या माणसापुढे पहिलीचं पुस्तक ठेवलं तर त्याला अपमान वाटतो. त्याऐवजी त्याचीच पगारपावती घ्या. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के बरोबर कापले का, हे ताडून पाहताना अक्षरं, आकडे, टक्केवारी सगळंच येतं. मात्र त्या पावतीचा धडा कसा करायचा, चुकलेल्याला चारचौघांत ओशाळं न करता कसं सावरायचं, हे शिक्षकालाही शिकावं लागतं. कारखान्यातल्या अशा वर्गांत पाळीतला वेळ जातो, असं मालक म्हणतील. पण रसायनाच्या पिंपावरची सूचना वाचता न येणं त्याहून महागात पडतं. म्हणून कारखानदारांनो, वर्ग काढण्याआधी शिक्षक तयार करा.